आरशाची फरशी

आई, उद्या दुपारी खोपटहून गाडी सुटेल तेव्हा माझ्या हातात माईक असेल आणि मी पहिल्या सीटच्या बाजूला उभी असेन. डाव्या हाताची, खिडकीजवळची ती पहिली सीट. तुला आठवत असेल की नाही, माहीत नाही, मला आठवते. मी तिसरीत होते. दिवाळीच्या पाडव्याचा दिवस, मावशी मला घेऊन तुला सोडायला आलेली. तू डिकीत पातेली आणि परात चढवत होतीस, आणि मी नवीन फ्रॉक घालून सरळ गाडीत चढले आणि त्या सीटवर जाऊन बसले. मला वाटलं होतं, इतके दिवस हट्ट केलाय तर या वेळी नेशील. तू आलीस, पिठाचा हात फडक्याला पुसलास, माझा दंड धरून मला खाली ओढलंस आणि सगळ्या पॅसेंजरांसमोर एक ठेवून दिलीस. म्हणालीस, "ही आपली सीट नाही. आपली मागं असते. आणि तिथंही तुझी नाही." मग मावशीकडे न बघता मागच्या दारानं चढलीस. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. मागची काच धुळीनं भरलेली होती, तुझं तोंड काही दिसलं नाही.

तुझं काम लोकांना सांगायला मला फार वेळ लागला. राजस्थानात फिरायला जायचं, महाल बघायचे, किल्ले चढायचे, पण रात्री ताटात आपली आमटी, आपली भाजी आणि मऊ पोळीच पाहिजे, अशा आपल्या माणसांसाठी कंपन्या आचारी बरोबर नेतात. आणि त्या आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला एक बाई. ती तू. घरी आपण चपाती म्हणायचो, पॅसेंजरांसाठी तू पोळी म्हणायला शिकलीस. दिवाळी, नाताळ, मे महिना हे तुझे सीझन, म्हणजे शाळेला सुट्टी लागली की तू नाहीस. वर्गातल्या मुली मामाकडे जायच्या तसं मी आंबिवलीत मावशीकडेच असायचे आणि तुझी वाट बघायचे, कारण तू आलीस की राजवाडे यायचे.

अजूनही ते स्वयंपाकघर दिसतं. दोन माणसांत तिसरं आलं की दार बंद होत नाही असं. तू चुलत्यांकडून आलेल्या जुन्या पोळपाटावर चपात्या लाटतेयस, मी पाटावर बसून तव्यावरच्या उलटतेय आणि तू सांगतेयस. जोधपूरच्या किल्ल्यावरून खालची घरं निळी दिसतात, जशी कुणी नीळ सांडलीय. उदेपूरचा महाल पाण्यात पाय सोडून बसलाय. आणि आमेरचा शीशमहाल. तो मी रोज मागायचे. भिंतीला काचा, छताला काचा, आणि तू मुद्दाम थांबायचीस, चपाती तव्यावर टाकायचीस आणि मग म्हणायचीस, "फरशीसुद्धा आरशाची गं. राण्यांना घागरा आवळून चालावं लागायचं." मी विचारायचे, तू कशी चाललीस? तू निऱ्या हातात धरून ओट्यापासून मोरीपर्यंत चालून दाखवायचीस. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेला इवलासा साबण काढून द्यायचीस. राजवाड्यातला साबण. मी तो कधी वापरला नाही. दप्तरात घालून शाळेत न्यायचे आणि मैत्रिणींना नुसता वास द्यायचे.

तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. मे महिन्याच्या टूरला निघतानाच तुझे डोळे पिवळे होते, हे मावशीनं पाहिलं होतं आणि तूही आरशात पाहिलं असणार. तरी गेलीस, कारण एक सीझन सोडला की पुढच्या सीझनला दुसरी बाई. परत आलीस ती सरळ हॉस्पिटलात. त्या खेपेला साबण नव्हता.

मी इतिहास घेतला तो त्या फरशीमुळे. मावशी म्हणत होती कॉमर्स घे, बँकेत लागशील. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे मला अडवायचं कसं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पदवी मिळाली, आणि डोंबिवलीतल्या एका टूर कंपनीत टूर लीडर म्हणून लागले. मला वाटायचं, लोकांना नुसतं "फोटो काढा आणि चला" असं फिरवायचं नाही. त्या दगडांमागे कोण राबलं, पाणी कसं चढवलं, ते सांगायचं. मी खरंच असा विचार करायचे आई. आता हसू येतं, पण करायचे.

पहिल्या टूरला, आमेरचा रस्ता चढायच्या आधी, मी माईक घेतला आणि सांगितलं की शीशमहालाची फरशीसुद्धा आरशाची आहे आणि राण्यांना घागरा आवळून चालावं लागायचं. तुझ्यासारखीच थांबले त्याआधी. किल्ल्याबद्दल मी रात्रंदिवस वाचलं होतं, पण फरशीबद्दल काही शोधलंच नव्हतं. जे लहानपणापासून माहीत आहे ते कोण तपासतं? वर पोहोचलो. महालाला बाहेरून दोरी लावलेली. आत कुणालाच जाऊ देत नाहीत, व्हरांड्यातून बघायचं. काचा भिंतींवर होत्या, छतावर होत्या. खाली साधी दगडी फरशी. नौपाड्याचे एक निवृत्त काका दोरीवरून वाकून बघत म्हणाले, "मॅडम, आरसे कुठे गेले? उचलून नेले का कोणी?" सगळे हसले. संध्याकाळी जेवताना त्यांनी आमटीत डोकावून विचारलं, यात तरी तोंड दिसतंय का बघा. कुणीतरी म्हणालं, हल्लीची मुलं, मोबाइलवर तरी बघून यायचं. मी हसत वाढत राहिले. हसणं हा नोकरीचा भाग आहे, ते तुलाच जास्त माहीत.

आमच्या गाडीवरचे आचारी काका तुझ्याबरोबर काम केलेले आहेत, हे मला तोवर कळलं होतं, पण आपणहून काही विचारायचा धीर झाला नव्हता. त्या संध्याकाळी हॉटेलच्या मागे ते भांडी आवरून घेत होते, तिथे गेले आणि म्हटलं, आईनं सांगितलं होतं फरशी आरशाची आहे. त्यांनी झारा खाली ठेवला. "तुझ्या आईनं महाल कुठं बघितला गं पोरी? पॅसेंजर किल्ल्यावर आणि आम्ही कांद्यावर. मी तरी कुठं बघितलाय." मग ते सांगत गेले. तू वाढताना प्रत्येक पंगतीत विचारायचीस, काय बघितलं आज, कसं होतं, रंग कुठला. काही लोक छान सांगायचे. काही वैतागायचे. आणि एक होता गमत्या माणूस, त्यानं एकदा तुला सांगितलं की फरशीपण आरशाची आहे, बायकांची पंचाईत होते. सगळी पंगत हसली. "ती पण हसली," काका म्हणाले, "पण तिला खरंच वाटलं." साबणाचं मी विचारलंच नाही. माझ्या खोलीत, बाथरूमच्या कोनाड्यात, त्याच आकाराचा साबण कागदात गुंडाळून ठेवला होता.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि तुला सांगायचं ते हेच. त्या माणसावर चिडावं तर तो कोण हे माहीत नाही. कंपन्यांवर चिडावं तर मी त्यांच्यातल्याच एकीचा टीशर्ट घालते. तू मात्र माझी होतीस. तू मला म्हणू शकली असतीस की मी मागच्या अंगणात बसून परातभर कणीक मळते आणि भिंतीपलीकडे काय आहे ते मला माहीत नाही. मी इतकी लहान नव्हते. सुट्ट्यांमागून सुट्ट्या मी तुला सोडलं, कारण मला वाटायचं की तू तिकडे काहीतरी बघतेयस. मला न नेता का होईना, तू तरी त्या आरशांवरून चालतेयस. त्या समजुतीवर मी ती मावशीकडची दिवाळी काढली आई. आणि तू दोन दिवस नाही, तीन दिवस नाही, वर्षानुवर्षं त्या गावाला जाऊन भिंतच बघून आलीस.

गेल्या नाताळात आमच्या गाडीवर पोळ्यांना खडवलीची एक बाई होती. चाळिशीची, कामाला चपळ, बोलायला मिस्कील. मला आधी मॅडम म्हणायची, नंतर ताई. तिची मुलगी दहावीत. मी पहिल्या दिवसापासून मनाशी ठरवलं होतं की हिला महाल दाखवायचा. पुन्हा कुणाच्या आईनं ऐकीव राजवाडा घरी न्यायचा नाही. आमेरच्या दिवशी सकाळीच पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून घेतली, पॅसेंजरांना गाडीत सांगितलं की दुपारी डबा मिळेल, गरम जेवण रात्री. कुरकुर झाली. एक काकू म्हणाल्या की गरम पोळी म्हणून तर तुमच्या कंपनीबरोबर येतो आम्ही. मी माईकवरून सगळ्यांची समजूत काढली. बाई मात्र सकाळपासून म्हणत होती, ताई राहू द्या, पुढच्या वेळी. मी ऐकलं नाही. शेवटी तिनं एप्रन काढला, ठेवणीतली हिरवी साडी नेसली, तोंडाला पावडर लावली. आचारी काका तिला म्हणाले, "काय राणीसाहेब, तुमचा हत्ती आणू का?" ती म्हणाली, "आणा की, पण त्याला कणीक तुम्ही मळा."

आम्ही वर पोहोचलो. पहिल्या चौकात सावलीला आमच्या काही बायका टेकल्या होत्या. समोर रंगवलेला मोठा दरवाजा, त्याच्या पलीकडे शीशमहाल. बाई मान वर करून दरवाजा बघत होती, तोंड जरा उघडं, पोरीसारखं. तेवढ्यात त्या गरम पोळीवाल्या काकूंनी तिला पाहिलं. त्या वाईट नाहीत, आई. मला रोज बळंच बदाम द्यायच्या. त्या अगदी सहज, हसून म्हणाल्या,

"अगं बाई, तू इथे? मग रात्री आमच्या जेवणाचं काय?"

बाकीच्या हसल्या. बाई पण हसली. मी तिचा चेहरा बघत होते. त्यावर कसलाही अपमान नव्हता, नुसती घाई आली. "ताईंना निरोप द्यायला आलेले, चालले," ती म्हणाली, आणि पदर खोचून वळली. पुढे काय झालं ते सांगते. मी इतिहासाची पदवीधर, महाल बांधताना कोण राबलं ते माईकवरून सांगणारी. मी काकूंना म्हणाले, "जेवण वेळेवर होईल, काकू." एवढंच. बाईला हाक मारायला वळले तोवर ती उतारावर होती, हिरवी साडी निऱ्यांपाशी धरून. खाली तर दगडच होता.

तुलाही कधी कुणी असंच म्हणालं असेल का? म्हणजे तूही एकदा त्या चौकापर्यंत गेली असशील का? काकांना माहीत नाही. मला आता ते कळायला मार्ग नाही आणि त्याचाही राग आहेच.

संध्याकाळी मी जेवणाचं विचारायला हॉटेलच्या मागे गेले. बाई पिंपावर मोबाइल टेकवून पोळ्या लाटत होती आणि पडद्यावर तिची मुलगी होती. "बघितला ना," ती मुलीला सांगत होती. "आत गेलेले मी. सगळीकडे काचा, एक बाई उभी राहिली तर शंभर दिसतात." मुलगी म्हणाली, दाखव ना मग, फोटो काढला नाहीस? बाई म्हणाली, काढले, आत्ता हाताला पीठ आहे, नंतर पाठवते. फोन बंद केला आणि मागे वळून मला पाहिलं. लाजली नाही. पोळी उलटली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडं असतील ना फोटो? दोन-चार द्या की. पण त्यात तुम्ही नका राहू."

मी तिथेच उभी राहून माझे फोटो चाळले. बऱ्याच ठिकाणी मी होते, टोपी घालून, हात वर करून माणसं गोळा करताना. ते सोडले. एका फोटोत कडेला माझा खांदा आला होता, तो कापला. पाठवले. तिनं ते तिथल्या तिथे पुढे पाठवले आणि पुन्हा लाटायला लागली. मी विचारलं, तिला खरं का नाही सांगत? तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "ती तिथं एकटी आहे ना, ताई. मग मी इथं कशाला आले म्हणून सांगू तिला?"

मला तिच्यावर राग आला नाही. खूप शोधला, आला नाही. तुझ्यावरचा त्यामुळे कमी होईल असं वाटलं होतं, तोही झाला नाही. ती बाई उद्या गाडीत आहे, मागच्या सीटवर. मुलगी सोडायला येणार आहे म्हणे. तिनं मला महालाबद्दल काही विचारलं तर मी काय सांगणार, ते मी तुला सांगत नाही.

हे कागद मावशीच्या हाती लागू नयेत म्हणून निघण्याआधी फाडून टाकीन. फक्त एक राहिलं. हॉटेलच्या खोलीतला साबण मी आजवर एकदाही उघडलेला नाही. घरून नेते माझा. हॉटेलचा मात्र निघताना उचलते, कागदासकट, आणि पिशवीच्या तळाशी ठेवते. इथे फडताळात त्यांचा एक डबा भरलाय. मावशीनं विचारलं होतं, एवढे साबण कुठून आणतेस गं? मी म्हटलं, राजवाड्यातले आहेत.