चिनी कॅप्सूलचा पर्दाफाश

३ मार्च

निर्णय पक्का. युनिव्हर्सिटीत चिनी जडीबुटीवर ट्रायल आहे, अॅसिडिटीसाठी. व्हॉलंटियर हवेत. मी जाणार आणि आतून पोखरणार. मग जूनच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळात व्याख्यान: 'चिनी काढ्यांचा पर्दाफाश'. अध्यक्षा निशिगंधाताईंना फोन केला. "बघू, आधी होऊ दे तरी," म्हणाल्या. म्हणजे होकार. गेल्या गणपतीत या बाईंनी मला पिवळं जॅकेट घालून पार्किंगला उभं केलं होतं. मला! ज्याने अख्खी हयात सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात घालवली!

१० मार्च

अप्पर हटहून सकाळची ट्रेन पकडून वेलिंग्टन. डॉ. लिन म्हणजे तिशीतली पोरगी. पायात स्नीकर्स, चेहरा हसरा. भोंदूला हसावंच लागतं. म्हणाली, निम्म्या लोकांना खरी पावडर, निम्म्यांना तांदळाचं पीठ. कॅप्सूल सारख्याच दिसतात, कुणाला काय मिळालं ते आम्हालाही माहीत नाही. काय दिलं तेच माहीत नाही, आणि म्हणे संशोधन!

दुसरं काही औषध, काढा, झाडपाला घेता का, असं दोनदा विचारलं. छे, म्हटलं, आम्ही विज्ञानवादी.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मृदुलाआत्याने मायदेशातून पाठवलेलं चूर्ण घेतलं. कोमट पाण्यातून.

१२ मार्च

आशा हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. दुर्दैवाने घरीही असते. "चंद्रहास, चूर्णाचं सांगितलंस का त्यांना?" म्हटलं, चूर्ण हे औषध नाही, घरचं आहे. "मग बरणीवर 'दिवसातून दोनदा' कशाला लिहिलंय?" फार्मासिस्टांना विज्ञान समजावणं कठीण. "निदान आत काय आहे ते आत्यांना विचार." आमच्या घराण्याचं गुपित! मी काय सीआयडी आहे?

सिद्धीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येत नाही. ती म्हणाली, "बाबा, यू आर लिटरली ड्रिंकिंग अ ट्री."

२ एप्रिल

मला खरी पावडरच मिळाली आहे. एक कॅप्सूल फोडून चाखली. अगदी पिठूळ. भोंदूगिरी पिठूळच लागते.

१६ एप्रिल

अॅसिडिटी खूपच कमी. श्रेय अर्थात चूर्णाला. डॉ. लिनला ते सांगितलं तर ती श्रेय चोरेल. "नो चेंज," असं सांगितलं.

६ मे

घोटे सुजलेत. जँडल्सचे, म्हणजे इथल्या रबरी चपलांचे, पट्टे रुततात. डोकं जड. चिनी विष! आता व्याख्यानाला पुरावाच मिळाला. उतारा म्हणून चूर्ण दुप्पट केलं.

९ मे

सूज वाढली. म्हणजे विष जबर आहे. चूर्ण चौपट.

१४ मे

क्लिनिक. नर्सने बीपी घेतलं, मग मशीन बदलून पुन्हा घेतलं. रक्तात पोटॅशियम पार खाली. डॉ. लिनचं हसू बंद. कॅप्सूल आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हणाली. दोष औषधाचा निघाला तर सगळी ट्रायल थांबवावी लागेल. चार वर्षांचं काम आहे. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. क्षणभर दया आली. पण मी अशा गोष्टींना बळी पडत नाही.

ट्रेनमधूनच निशिगंधाताईंना मेसेज: व्याख्यानाचं नाव बदला. 'चिनी विषप्रयोग: एक जिवंत साक्षीदार'. त्यांनी अंगठा पाठवला.

२१ मे

दुपारी निकाल. आशा सोबत आली. बोलावलं नव्हतं.

मला काय मिळालं ते लिहिलेलं सीलबंद पाकीट डॉ. लिनने उघडलं. कॅप्सूलमध्ये तांदळाचं पीठ होतं. पहिल्या दिवसापासून.

मात्र रक्तात ज्येष्ठमध सापडलं. तिच्या पावडरीतही मुख्य मूळ तेच. पण ज्यांना खरी पावडर मिळाली त्यांच्यातही कुणाच्या रक्तात इतकं नाही, म्हणाली. ज्येष्ठमध अती झालं की अंगात पाणी साठतं, बीपी चढतं. "आर यू टेकिंग एनीथिंग एल्स?" मी छताकडे पाहिलं. आशाने पर्समधून बरणी काढून टेबलावर ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि हे.

तिथूनच आत्याला व्हिडिओ कॉल. तिकडे तिचा सकाळचा चहा चालला होता. "गुपित कसलं रे मेल्या? निम्म्याहून जास्त ज्येष्ठमधच आहे. लहानपणी कडू दिलं की तू थुंकायचास!"

डॉ. लिन पुन्हा हसायला लागली. तिची ट्रायल वाचली. मला काढून टाकलं. मी नसतो तर ज्येष्ठमधाचा धोका इतका ठळक दिसला असता का? पण आभार मानायची पद्धत त्यांच्यात नसावी.

२३ मे

बीपीची गोळी सुरू. चूर्ण बंद. बरणी आशाने कुठेतरी लपवली आहे. शोधणार नाही. (कपाटात नाही. गॅरेजमध्येही नाही.)

१४ जून

मंडळाचा कार्यक्रम झाला. व्याख्यान डॉ. लिन यांचं: 'घरचं औषध निरुपद्रवी असतं का?' निशिगंधाताई म्हणाल्या, "विषय तुमच्यामुळेच सुचला हो. तेवढं बाहेर गाड्यांकडे बघाल ना?"

इथे जूनमध्ये हिवाळा, त्यात हाडं गोठवणारा दक्षिणेचा वारा. जॅकेट तेच, पिवळं. आतलं काही ऐकू येत नव्हतं, पण एकदा सगळं सभागृह खिडकीतून माझ्याकडे बघायला लागलं. मी हात केला.

घरी येताना सिद्धीला विचारलं, माझं नाव घेतलं का गं? "नो, बाबा. शी जस्ट सेड 'अ जेंटलमन इन हिज फिफ्टीज'. दे ऑल लुक्ट आउट द विंडो बाय देमसेल्व्ज."

आत्ता आत्याचा मेसेज आला. नवं ज्येष्ठमध आणलंय. दुकानदार म्हणतो चीनचं आहे, तेच सगळ्यात गोड. पाठवू का?

आशा स्वयंपाकघरात आहे ना, ते पाहून घेतलं आणि उत्तर लिहिलं: थोडंच पाठव.