दुष्काळाच्या कुंड्या

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी विभागाच्या दारावर तुमचा हार घातलेला फोटो अजून आहे. खाली लिहिलंय, ‘थोर संशोधक’. रोज सकाळी कुलूप उघडताना ते वाचते आणि मला हसू येतं. थोर म्हणे! ज्वारीच्या चाळीस कुंड्या धड सांभाळता आल्या नाहीत तुम्हाला.

आठवतात ना त्या? निम्म्यांना रोज पाणी, निम्म्यांना पंधरा दिवस थेंब नाही. पेशीतल्या डीएनएवर जाऊन बसणारं एक प्रथिन असतं. रोप तहानलं की ते दुष्काळाशी झगडणारी जनुकं चालू करतं, असं इतरांना दिसलं होतं. तुम्ही वर्गात सांगायचात, येलदरीच्या कालव्यावरचा पाटकरी कुणाच्या शेताला पाणी सोडायचं ते ठरवतो ना, तसं हे. तेवढं एक वाक्य मी तुमच्याकडून शिकले, बाकी अक्कल माझी मलाच आणावी लागली. आपल्या ज्वारीत मात्र ते प्रथिन हललंच नाही, दुष्काळाच्या कुंड्यांतली जनुकं ढिम्म. तुम्ही हरखलात. ‘आपलं वाण वेगळंच आहे!’ म्हणत केबिनमध्ये येरझाऱ्या घातल्यात, आणि पेपरचं शीर्षकही त्याच दुपारी ठरवून टाकलंत.

दुसऱ्या दिवशी मी शेडनेटमध्ये जाते, तर झाडलोट करणारी मावशी तांब्या घेऊन दुष्काळाच्या कुंडीत पाणी ओततेय. मी ओरडते, तर ती माझ्यावरच डोळे वटारते. “तुमी शिकल्याल्या बाया लय निर्दयी. लेकरावानी वाढवलं अन् आता तहानेनं मारायलाव का? मला न्हाई बगवत. पयल्या दिसापासून रोज तांब्याभर घालायलेय मी.”

धावत तुमच्याकडे आले. तुम्ही सावकाश चष्मा पुसलात आणि म्हणालात, “तुला डॉक्टरेट हवी आहे की चौकीदारी? हा विषय इथंच संपला.” भित्र्या माणसाचा आवाज किती रुबाबदार असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. पेपर छापून आल्यावर पेढे वाटलेत, मावशीच्या हातावरही एक ठेवलात. “घे, तोंड गोड कर.” तिला बिचारीला काय माहीत, अख्खा शोध तिच्या तांब्यातून निघाला होता. तिची दया तरी खरी होती. तुमच्याकडचं काय खरं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. गंगाखेडची एक मुलगी माझ्याकडे पीएचडी करतेय, तोच पेपर पाया धरून. दोन वर्षं झाली. तिच्या कोरड्या कुंड्यांत ते प्रथिन दर वेळी जागं होतं, व्हायलाच हवं. काल रडवेली होऊन आली. “मॅडम, माझंच कायतरी चुकायलंय. तुमच्यावानी येईनाच मला.” त्या पेपरवर दुसरं नाव माझं आहे, सर. ही नोकरी मला त्याच्यावरच मिळाली.

मी चष्मा पुसला. “पुन्हा एकदा लाव कुंड्या,” म्हणाले.

आत्ता ती खिडकीतून दिसतेय, खाली बसून माती चाळतेय. हे पत्र खरं तर तिनं वाचायला हवं. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवतेय.