चौथ्या सीटवरचा खडा

२१ जून, सकाळी ७. फेअरबँक्स, अलास्का

कबूल करते, तीन आठवडे ही वही बॅगेत तशीच पडून होती. आईनं देताना बजावलं होतं, कॉलेज सोडलंस, निदान लिहिणं सोडू नकोस. पहिल्या पानावर नावासाठी रेघ आहे, तीही कोरी. नंतर घालीन, सावकाश, छान अक्षरात.

आज निघालोच! यतीनदादा, वैदेहीवहिनी आणि मी. ती दोघं जर्सी सिटीहून सुट्टी काढून आलीत, मी तिथं जवळच्याच आयसेलिन गावातल्या साडीच्या दुकानातली नोकरी सोडून. (तिथं एक काकू रोज तीच पैठणी बघायला यायच्या, घ्यायच्या कधीच नाहीत. असो.) आता पार आर्क्टिक समुद्रापर्यंत नुसता खडीचा रस्ता. जूनमध्ये इथं सूर्य मावळतच नाही म्हणे.

निघताना सुलभामावशीचा फोन. तिघं निघालात? तीन तिगाडा, काम बिगाडा! वाटेत एक खडा घ्या बरोबर, म्हणजे चार होतात. दादा म्हणाला, मावशी, खड्याला सीटबेल्ट लावू का? लाव मेल्या, म्हणाली.

सकाळी १०.२०

खड्याचं विसरलोच होतो. रस्त्याकडेला एक पांढरा क्रॉस दिसला, इथं अपघातात गेलेल्या कुणा ट्रक ड्रायव्हरचा असावा. त्यावर नारिंगी टोपी, खाली दगडांचा ढीग. मी त्यातलाच एक गुळगुळीत उचलला. वहिनी म्हणाली, अगं, मेलेल्या माणसाचा आहे तो, ठेव परत. मी म्हटलं, मग त्यालाही फिरवून आणू यार! माझ्या शेजारच्या सीटवर बसवला, खरंच बेल्ट लावला. काका, चिवडा घ्या, म्हटलं.

दुपारी १.१०

युकॉन नदीपाशी एका हॉटेलात जेवलो. वाढणाऱ्या बाईनं न विचारता चार कॉफ्या आणल्या. ते आजोबा गाडीतच बसणार का, असं विचारलं. दादा म्हणाला, त्यांचं डाएट चालू आहे. परत आलो तर चिवड्याचा डबा रिकामा. दादा माझ्याकडे बघून हसला. मी नव्हता खाल्ला. वहिनी तर अजिबात हसली नाही.

दुपारी ४

तोच क्रॉस, तीच टोपी, तिसऱ्यांदा. रस्ता एकच, ना फाटा, ना कुठं मागं वळलो. खडा तव्यासारखा तापलाय. रुमालात धरला, काच खाली केली आणि दिला भिरकावून. जा म्हटलं, आपापल्या घरी!

शेजारच्या सीटचा बेल्ट अजून लावलेलाच आहे. ताणलेला. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा.

४.३५

पुन्हा क्रॉस. वहिनीला जायचं होतं, म्हणून थांबलो. टिश्यूचा रोल घेऊन झुडपांमागे गेली. वीस मिनिटं झाली. घसा सुकेपर्यंत हाका मारल्या — दादानं गाडी सुरू केली. वहिनी? म्हटलं. तर म्हणतो, कोण वहिनी? आपण तिघंच निघालो की, तू, मी आणि काका. तिघं बरं नव्हे नीलू, मावशी म्हणाली ना? जा, एक खडा उचलून आण.

४.५०

चावी काढून घेतलीय मी. वैदेही. वैदेही. वैदेही. गाडीत मोजे काढून बसते. हसताना नाक मुरडते. तीन चमचे साखर. लिहून ठेवलंय, आता पुसून दाखवा.

५.०५

खडा उचलणार नाही. मीच ढिगावर बसलेय. काका, ऐका — खडा मी उचलला, ती नको म्हणत होती. तिला परत द्या. मला ठेवा हवं तर. हलत नाही इथून, बघू कोण आधी कंटाळतं — दगड खालून गरम लागतायत — लागू देत —

५.२०

ट्रक! थांबला — वहिनी! वहिनी उतरली, हातात रोल, नाक मुरडून हसतेय! दादानं ओळखलं, मिठीच मारली — जिंकले मी, काका —

चालवणारा म्हातारा. डोक्यावर नारिंगी टोपी. इथं क्रॉसवर टोपी नाही —

ढिगावरून पाय उचलत नाहीत.

वहिनी माझ्याकडे बोट करून दादाला विचारतेय, ही मुलगी कोण — दादा म्हणतो, काय माहीत — पहिलं पान — नाव घालायचं राहिलं — माझं नाव नी—