नवेकोरे गोटा टायर

४ ऑक्टोबर

टायर आले. सूनबाई कामावरून आली ती हातपाय न धुता पार्किंगमध्ये त्यांच्यासमोर बैठक मारून बसली. मी वरून बघत होते, न राहवून खाली गेले. नवेकोरे, पण दिसायला अगदी गोटा — खाचा म्हणाव्यात तर चारदोन. म्हटलं, "अगं, फसवलं तुला. हे झिजलेले आहेत." हसत सुटली. शर्यतीच्या ट्रॅकसाठी असेच असतात म्हणे. मऊ रबर, तापलं की रस्त्याला चिकटतं. "हात लावून बघा ना, आई." लावला. खोडरबरासारखं लागलं.

रविवारी ही ट्रॅकवर गाडी पळवते आणि इतर दिवशी त्याच गाडीने दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे मोकळे करायला जाते. दर वेळी टायर कोण बदलत बसणार, म्हणून आठवडाभर हेच ठेवणार आहे.

१२ ऑक्टोबर

तिच्याबरोबर चक्कर मारून आले. लख्ख ऊन. वळणावर गाडी अशी रस्ता धरून वळली की पोट एकीकडे आणि मी एकीकडे. मजा आली. तिला सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर

थंडी पडली. सकाळी गाडी अगदी म्हातारीसारखी नेते — म्हणजे माझ्यासारखी. गार असले की हे टायर लाकूड होतात, पकडच नाही, म्हणाली.

"मग साधे घाल की."

"घालते. हा रविवार जाऊ दे."

५ नोव्हेंबर

मुलाचा फोन. तो घर सोडून गेला त्याला दोन वर्षं होतील. घटस्फोटाचा निकाल याच महिन्यात. "मग फ्लॅट विकायचाय, आई. तू इकडे ये. तिचा आता तुझ्याशी काय संबंध?"

तो गेला तेव्हा आम्ही दोघी मागे राहिलो, इतकंच. राहा असं ती कधी म्हणाली नाही, जाते असं मी म्हटलं नाही.

११ नोव्हेंबर

माझ्या मोतीबिंदूची तपासणी होती. सकाळपासून संततधार. टॅक्सीने जाते म्हटलं, तर ऐकेना. "मी सोडते. सावकाश नेईन." आणि खरंच सावकाश नेत होती. मोठ्या चौकात वळणावर पाणी साचलेलं. त्यात चाकं गेली आणि गाडी तिची राहिलीच नाही — स्वतःभोवती फिरली. बस, दुकानं, पुन्हा बस, सगळं काचेसमोरून गेलं. मग मधल्या गवतावर चढून थांबलो. बसवाल्याने वेळेत ब्रेक मारला, म्हणून हे लिहितेय.

तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी एकेक बोट सोडवलं.

"मला माहीत होतं, आई. खाचाच नाहीत तर पाणी जाणार कुठे? सगळं माहीत होतं. नुसता कंटाळा केला."

"आहोत ना आपण?" म्हटलं.

पाऊस ओसरेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून मी पुढची वेळ घेतली.

१२ नोव्हेंबर

साधे टायर बसवून आली. ट्रॅकचे विकून टाकते म्हणाली. गाडीच नको म्हणाली. मी म्हटलं, "टायरांवर कशाला राग? उन्हात ने, ट्रॅकवर ने. पावसात काढू नकोस म्हणजे झालं." धड जेवली नाही.

१६ नोव्हेंबर

मुलगा आला. शेजाऱ्यांकडून कळलं त्याला. "जीव घ्यायला निघाली होती तुझा!" ती समोरच कपबश्या विसळत उभी. एक शब्द नाही. मी वाट बघत होते — 'राहू दे त्यांना इथे', एवढं तरी म्हणेल. म्हणाली नाही. फार वाईट वाटलं.

डोळ्याचं ऑपरेशन झालं की मला न्यायला यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानेच ठरवलं. पोरगा वाईट नाही. काळजी करतो, फक्त विचारत नाही.

१८ नोव्हेंबर

शेवटी विचारलं. "परवा गप्प का बसलीस?"

टॉवेलच्या घड्या घालत होती. "कुठल्या तोंडाने बोलू? तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं नाही."

"तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत, आई. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं."

मग सुनावले. चांगले पोटभर. कंटाळा, हट्ट, पलंगावर टाकलेले ओले टॉवेल — सगळं बाहेर काढलं. ऐकता ऐकता रडली, मग हसायला लागली. जेवताना दोनदा वाढून घेतलं.

पण राहा म्हणाली नाही.

२३ नोव्हेंबर

बॅग काढली. लोकरीचे कपडे भरले. पुढे हात चालेना.

२५ नोव्हेंबर

निकाल लागला. कायद्याने आता ती माझी कुणी नाही. दुपारी यायची ती अंधार पडल्यावर आली. कोर्टातून परस्पर भाड्याचं घर बघायला गेली होती. तळमजला, मागे गॅरेज. "पुढची खोली उजेडाची आहे, ती तुमची. पण रविवारी पहाटे गाडी काढेन, झोपमोड होईल. चालेल ना, आई?"

चालेल म्हटलं. मुलाला उद्या कळवते.