गाळणीवरचा कोळसा

दि. ३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं गुडघ्याचं रडगाणं पोचलं, पण आज थट्टा सुचत नाही. गेल्या मंगळवारी प्लांटमध्ये आग लागली. वजनकाट्यावरून नुकतेच गाळणीवर बदलून आलेले काटेमास्तर छातीपर्यंत भाजले आहेत.

तुम्ही त्याच गाळणीवर अठ्ठावीस वर्षं काढलीत, तुम्हाला काय सांगायचं? माल गाळला की पॅलेडियम धातू बसवलेली कोळशाची भुकटी वर उरते. ती पाण्याने ओली ठेवायची. कोरडी पडली की हवा लागताच पेट घेते. मास्तरांनी ओल शोषून घेणारा पंप तासभर चालू ठेवला, कारण मी लिहून दिलेल्या सूचनांच्या कागदावर ‘पूर्ण गाळून घ्या’ एवढंच होतं. पाण्याची ओळ मी लिहिलीच नाही. प्रयोगशाळेत ते सगळ्यांना इतकं ठाऊक असतं की लिहायचं सुचलंच नाही.

चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा ठरणार आहे. मॅनेजर म्हणतात, गप्प राहिलीस तर नोकरी शाबूत राहील. १५ तारखेला माझा जबाब आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे.

हवं तेवढं रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
चिमी

दि. ७ मार्च

चि. चिमीस अ. उ. आ.

चष्मा सापडेना म्हणून तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं.

रागावू कुणावर? ती ओळ माझ्याही वहीत नव्हती. येईल त्याला मी तोंडी सांगायचो, आणि खरं सांगतो, त्यात मिजास होती. मामाला विचारल्याशिवाय गाळणी चालत नाही, हे ऐकायला बरं वाटायचं. निवृत्त होताना साहेबांनी लिहून मागितलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं.

काटेमास्तर म्हणजे गुंजभर इकडचं तिकडे न करणारा माणूस. तो निष्काळजी ठरला तर आपल्या दोघांना अन्न गोड लागणार नाही. जबाबात माझंही नाव घाल, पण साहेबांच्या आधी त्याला सांग. नोकरी गेली तर इकडे ये. मामी तुझ्यापेक्षा जास्त बोलते, करमेल तुला.

उलट टपाली कळव. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

मामा

दि. १६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मास्तर गुरुवारी गेले. काल मी जबाब दिला, तुमचंही नाव घातलं. सोमवारपासून कामावर येऊ नकोस, असा निरोप आला आहे.

बुधवारी तुमचं पत्र हातात पडलं तशी दवाखान्यात गेले. मास्तर डोळे मिटून पुटपुटत होते. झडप बंद केली, पंप लावला, काचेतून पाहिलं. पंधरा दिवस ते मनात तेच काम पहिल्यापासून करत होते, आपली चूक शोधत.

मी सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “म्हणजे मी चुकलो नव्हतो. बायको आली की तिला एवढं सांगा. ती माझ्याशी धड बोलत नाहीये.”

बाई मुलींना जेवू घालायला घरी गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत मलमपट्टीसाठी मास्तरांना गुंगीचं इंजेक्शन दिलं गेलं. मी बाकावर त्यांना सांगितलं. पोरींचा विचार न करता हा माणूस असा कसा वागला, हेच त्यांना इतके दिवस खात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तशाच उठून आत गेल्या.

मास्तर त्या गुंगीतून उठलेच नाहीत. बाई स्टूल ओढून त्यांच्या कानाशी बोलत होत्या, दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांना स्टुलावरून उठवेपर्यंत.

मी येते आहे. जवळ करा.

चिमी