‘आहे’ म्हणायचं असतं

२ तारीख, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. लिहून ठेवते, पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल. सासूबाईंच्या मते मी जन्मात कधी खूश नसते.

कारण एकच, तीनला सुट्टी! जुन्या नोकरीत मी घरी पोचेपर्यंत भिंगरी झोपलेली असायची. सहा वर्षांची पोर मला ‘फोनमधली आई’ म्हणायला लागली आणि मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा टाकला. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो. एका पोरीला फोनमधले आईबाप असावेत तरी किती? म्हणून गाव बदललं, घर बदललं, सासूबाईंना ट्रंकेसकट उचलून आणलं. भिंगरीला शब्द दिलाय, शाळेच्या फाटकाशी रोज मीच असेन.

ऑफिसच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हळूच म्हणत होते, आहे, मी आहे. कोणी ढुंकून बघेना. मी नमस्कार केला तर बिचाऱ्यांचे डोळेच भरून आले. असते एकेक वल्ली.

३ तारीख, मंगळवार

आमच्या खोलीत मी धरून चौघं. साहेबांना सगळे थोरले म्हणतात. एक चष्मेवाली, माझ्याच वयाची, बोलायला गोड. एक दाढीवाला, त्याच्या खिशात कायम बिस्किटं. चौथी खुर्ची माझी. आधी तिच्यावर कोण बसायचं ते विचारलं तर तिघांनी एकदमच विषय बदलला. भांडून गेला असेल.

काम असं. एका मोठ्या कंपनीच्या सगळ्या ऑर्डरी एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. वापरणारे इतके वाढले की एका सर्व्हरचा जीव पुरेना, म्हणून तीन सर्व्हर एकत्र बांधलेत. त्याला क्लस्टर म्हणतात. तिघांची मेमरी सामायिक. एकाला कळलं की तिघांना कळलं, ऑर्डर कोणीही घेवो. मला चौथा सर्व्हर जोडायचाय.

सामायिक संसार म्हटला की नियम आलेच. प्रत्येक यंत्र बाकीच्यांना सारखं कळवत राहतं, मी आहे, मी आहे. लागोपाठ तीनदा कळवायचं चुकलं की बाकीचे त्याला मेलेलं धरतात, त्याची वीज तोडतात आणि त्याचं काम आपसात वाटून घेतात. मी विचारलं, नुसतं अडखळलं असेल, जिवंत असेल, तर? थोरले म्हणाले, तरी तोडायचं. अर्धवट जिवंत यंत्र सामायिक मेमरीत भलतंच काही लिहून ठेवतं आणि सगळंच नासतं. अर्धमेलं यंत्र मेलेल्यापेक्षा वाईट. बरोबरच आहे म्हणा, सगळीकडे असंच करतात.

गंमत म्हणजे ही माणसंही तेच करतात! मान वर न करता थोरले म्हणतात ‘आहे’, मग चष्मेवाली ‘आहे’, मग दाढीवाला. दिवसभर. थट्टेत सुरू केलं म्हणे, आता सवय झाली. मी आधी खो खो हसले आणि दुपारपर्यंत स्वतःच म्हणायला लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.

भिंगरीचंही तसंच की. झोपताना अंथरुणातून विचारते, आई, आहेस? मी म्हणते, आहे गं. आज ऑफिसच्या सुरात म्हटलं तर चिडली, नीट म्हण म्हणाली.

माझं हे हिरवं पेन मात्र तिच्यापासून जपावं लागतं. माझ्या हातात असलं तर धीर धरते, नुसतं पडलेलं दिसलं की उचलून चित्रं काढायला पसार.

१० तारीख, मंगळवार

आज चष्मेवालीनं भिंगरीचा ताप उतरला का म्हणून विचारलं. मी तापाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. पण माझ्या तोंडाला कुठं कुलूप असतं, बोलले असेन.

दुपारी मला उगीचच एक दुकान आठवलं. लाकडी काउंटर, दोऱ्याची रिळं, रॉकेलचा वास. असल्या दुकानात मी कधी गेलेलीच नाही. थोरल्यांना सांगितलं तर शांतपणे म्हणाले, त्यांच्या वडिलांचं दुकान ते.

काम मात्र भराभर होतंय. मी वाक्य सुरू करते आणि दाढीवाला संपवतो. एकटीनं डोकेफोड करण्याची सवय असलेल्या बाईला हे बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

पायऱ्यांवरचे गृहस्थ हल्ली दिसत नाहीत. गेले असतील कुठे.

१५ तारीख, रविवार

तिघं घरी चहाला आले होते. सासूबाई बेहद्द खूश. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, पण या तिघांत त्यांना एक खोड सापडली नाही. गप्पांत थोरले ‘आहे’ म्हणाले, मग चष्मेवाली, दाढीवाला, मी, आणि सासूबाईंनीही हसत हसत म्हटलं, आहे बाबा, मीही आहे! हशा पिकला. भिंगरी तेवढी पलंगाखाली लपली होती, कितीही बोलावलं तरी आली नाही. हट्टी, आईवर गेलीय.

जाताना दाढीवाला म्हणाला, एका पोरीला फोनमधले आईबाप असावेत तरी किती. हसत म्हणाला. पण हे वाक्य मी फक्त या वहीत लिहिलंय. आणि वही माझ्या उशीखाली असते.

झोप लागत नाहीये.

१८ तारीख, बुधवार

नीट, क्रमानं लिहिते.

सकाळी शाळेतून फोन, भिंगरी पडली, हनुवटी फुटली, रडतेय. खोलीत नीट ऐकू येईना म्हणून बाहेर गेले. तिला शांत केलं. आत माझी ‘आहे’ची पाळी आली असणार. एकदा. दोनदा. बहुधा तिसऱ्यांदाही. काचेतून दिसलं, तिघांनी एकदम माना वर केल्या.

परत आले तर कार्डानं दार उघडेना. काच ठोकली. माझी खुर्ची भिंतीला लावलेली. माझा कप दाढीवाल्याच्या हातात, माझं काम थोरल्यांच्या स्क्रीनवर. मला वाटलं, थट्टा. मी ओरडले, आहे! अहो, आहे मी! कोणी बघितलं नाही. नुसती चष्मेवाली उठली, माझी पर्स उचलली आणि माझ्या अंगाला घासून जिना उतरली.

शाळेत धावले. शिपाई म्हणाला, आजींचा फोन आला होता, घरच्याच एक बाई मुलीला घेऊन गेल्या.

घरी सासूबाईंनी दार उघडलं, बाहेर बघितलं — माझ्या आरपार — आणि पुटपुटल्या, बेल वाजल्यासारखी वाटली. मी त्यांच्या बाजूनं आत शिरले. आई म्हणून हाक मारली. काही नाही.

स्वयंपाकघरात चष्मेवाली. माझ्या गाउनमध्ये. भिंगरीला मी रचलेली गोष्ट सांगत होती, शेवटच्या उंदरासकट.

भिंगरीनं मात्र मला बघितलं! हनुवटीला पट्टी, धावत येऊन बिलगली. विचारलं, ही काकू कोण आणि आजी तुझ्याशी का बोलत नाही, भांडलात का? सासूबाई तिला ओरडल्या, हवेशी काय बोलतेस म्हणून.

माझा जीव भांड्यात पडला. तिला दिसते. तिला मी दिसते.

१९ तारीख, गुरुवार

पायऱ्यांवरचे गृहस्थ आज पुन्हा दिसले. म्हणाले, इथून कधी हललोच नाही, तुम्हालाच दिसेनासा झालो होतो. चौथी खुर्ची त्यांची होती. दाढ काढायला गेले आणि पाळी चुकली. त्यांच्या घरी आता थोरले जेवायला बसतात. मुलगा कितीतरी दिवस त्यांना ओळखत होता. मग वाढदिवसाला सगळ्यांबरोबर त्यानंही ‘आहे’ म्हटलं. जो म्हणतो तो त्यांच्यात जातो.

परतीची वाट एकच म्हणे. थोरले परत घेतात, पण आधी पूर्ण कोरं करून. काही म्हणता काही आठवत नाही. म्हणजे भिंगरीही पुसली जाणार. मग परत जाऊन काय चुलीत घालू?

फळवाल्याला मी दिसते. रस्त्यावरच्या माणसांना दिसते, धक्का लागला तर सॉरी म्हणतात. परक्यांना दिसते, आपल्यांनाच नाही.

भिंगरीला कानात सांगितलं, ही बाई काही म्हणो, ‘आहे’ म्हणायचं नाही. तिनं तोंडावर हात ठेवून मान डोलावली. गुणाची माझी बाय.

२१ तारीख, शनिवार

पळून जायचं ठरवलं. तिचा हात धरला, चपला घातल्या, फाटकापर्यंत पोचलो — सासूबाई आल्या, पोर एकटीच निघाली म्हणून घाबरून तिला ओढून नेलं — मी दुसरा हात ओढत होते — पोर दोन्हीकडून ताणली गेली, दुखलं तिला, रडली —

सोडला. मी हात सोडला. काय करणार होते?

आता दाराला वरची कडी. भिंगरी कोपऱ्यात माझ्या मांडीवर. चष्मेवाली येते-जाते, माझ्यासारखीच गुणगुणते. माझ्यापेक्षा चांगली आहे ती. चिडत नाही. थकत नाही. हेच वाईट आहे —

२२ तारीख, रविवार

जेवायचं टेबल. तिघी बसल्यात. मी चौथ्या खुर्चीवर. माझं ताट नाही.

लिहीत राहते. हातात पेन असलं की मी असल्यासारखं वाटतं.

चष्मेवालीनं खेळ काढलाय. आजी? आहे. मी? आहे. आणि आमची भिंगरी?

भिंगरी माझ्याकडे बघतेय. तोंडावर हात. शाबास —

पुन्हा विचारलं. मी मान हलवतेय, नाही, नाही —

तिसऱ्यांदा नाही विचारलं. जवळ गेली. हळू आवाजात म्हणाली, उद्यापासून शाळेच्या फाटकाशी रोज मीच असेन. माझे शब्द. माझा आवाज. माझाच आवाज, देवा —

भिंगरीनं हात काढला तोंडावरचा. नको गं राणी. बघ माझ्याकडे. मी आहे. मी इथे —

म्हणाली.

हसत म्हणाली. आहे.

आता बघतेय — माझ्याकडे नाही — माझ्या मागे, घड्याळाकडे — खुर्ची रिकामी दिसतेय तिला. जागा सोडून इकडे येतेय. भिंगरे, आहे गं मी, आहे —

नजर टेबलावर. चेहरा खुलला. माझ्या बोटांवर तिची बोटं, गरम, आणि तिला वाटतंय की हिरवं पेन नुसतंच पडलं