आचलची वही

अकोला, १२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. वर्षालीताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला तुमच्याकडे भातकुलीला आलेली मी सुखरूप घरी पोचले. तू बांधून दिलेला चिवडा संपलासुद्धा. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला तुझ्या एकटीशी बोलायचं आहे.

ताई, आचलला पाहून मला धक्का बसला. साडेपाच वर्षांची पोर, फ्रॉकचं बटण लावायला दोन्ही हात पसरून उभी राहते. घास तिला अजून तुझ्या सासूबाई भरवतात. मी पेन्सिल दिली तर तिने ती मुठीत धरली, दोन रेघा ओढल्या आणि हात दुखतो म्हणून टाकून दिली. आणि दप्तरातली वही? पानोपानी गोल, टपोरं अक्षर, खाली बाईंनी दिलेले तारे! चौदा वर्षं बालवाडीत मी मुलांचे हातच पाहते आहे. ज्या हाताला बटण लावता येत नाही, त्याला असं अक्षर येत नाही. ती वही कोण लिहितं?

रागव हवं तर, पण उत्तर दे. सासूबाईंना नमस्कार, आचलला पापा.

तुझी,
मंजू


भातकुली, २५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी चाटच पडले. पाहुणी म्हणून आलीस, अनारसे हाणलेस आणि जाता जाता माझ्या पोरीची झडती घेऊन गेलीस. बालवाडीच्या बाई झालीस म्हणून काय ताईचेही कान धरायचे?

आमचं घर तुला माहीत आहे. शेवंती तोडायची, झेंडू तोडायचा, हार ओवायचे आणि पहाटे अमरावतीच्या फुलबाजारात न्यायचे. अकरा वर्षांत माझ्या बोटांचा हिरवा-काळा डाग गेला नाही. आचल झाली त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं, की या पोरीच्या हाती सुई-दोरा द्याचा नाही, हिच्या हाती पेनच पाह्यजे. म्हणून फुलांच्या टोपलीला आम्ही तिला शिवू देत नाही, पिठात हात घालू देत नाही. हात मऊ राहिला की अक्षर वळणदार येतं, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं. बघ, गृहपाठाच्या वहीवरून वर्गात सुंदर अक्षराचं पहिलं बक्षीस तिलाच आहे! अकरा जानेवारीला पालकांसमोर फळ्यावर ‘कमळ’ लिहून दाखवायचं आहे. ह्यांनी त्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकलाय.

आणि वही तिचीच आहे. तब्येतीला जप, उगाच संशय घेत बसू नकोस.

तुझी,
ताई


अकोला, ४ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

वही तिची, अक्षर तुझं. मी तिसरीत गोवराने पडले होते, तेव्हा माझा गृहपाठ तू केला होतास. गुरुजींना कळू नये म्हणून डाव्या हाताने. तोच पोटफुगा ‘क’, तोच डावीकडे कललेला ‘म’. निघताना वहीचा फोटो काढला होता, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला, तरी विश्वास बसेना.

ताई, बक्षीस गेलं खड्ड्यात. अकरा तारखेच्या आत बाईंना खरं सांग. फळ्यासमोर पोर एकटी उभी राहील. हात जोडते.

तुझीच,
मंजू


भातकुली, १२ जानेवारी २०२५

चि. मंजू,
आशीर्वाद द्यायचं तोंड मला राहिलं नाही.

मी बाईंना सांगितलं नाही. दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

काल तिचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. आचल फळ्यापाशी गेली आणि तिने खडू डाव्या हातात घेतला. खाऊ घेताना, खेळताना ती उजवाच हात पुढे करते गं! मुठीत धरून तिने एक रेघ ओढली आणि खडू मोडला. बाईंनी दुसरा खडू उजव्या हातात दिला, तिने तो पुन्हा डाव्यात घेतला. बाईंनी मायेने विचारलं, की बेटा, या हाताने का? ती माइकसमोर मोठ्याने म्हणाली, की लिहितात याच हाताने, माझी आई माझी वही याच हाताने लिहिते.

हे नव्या शर्टाच्या बटणाशी चाळा करत खाली पाहत राहिले. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं.

मंजू, रोज मी लिहायला बसले की ती शेजारी बसून टक लावून पाहायची. पोर शिकतच होती. मी काय शिकवत होते, ते मलाच कळलं नाही.

बाई म्हणाल्या, की मार्चपर्यंत पेन्सिल धरता आली नाही तर याच वर्गात ठेवावं लागेल. पण त्याहून भीती वेगळीच आहे. कालपासून आचल दोन्ही हात पाठीमागे धरून बसते. पेढा दिला तरी हात पुढे करत नाही. सासूबाई रडल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, की पोरीले काहून बोल लावता, मीच तिचे हात बांधून ठेवले.

मी काय करू ते लिही. शिव्या दे, पण लिही.

ताई


अकोला, १६ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बालवाडीत मुलांच्या चिमुकल्या बाकावर बसून दोनदा वाचलं. शिव्या पुढे कधीतरी व्याजासकट देईन. आज नाही.

दोन महिने वही-पेन्सिल माळ्यावर टाक. अक्षर बोटांच्या जोरावर येतं, आणि तिच्या बोटांना तुम्ही कामच दिलं नाही. मी मुलांना मणी ओवायला देते, ते विकत आणते. तुझ्या ओसरीत फुलांची टोपली भरून पडली आहे आणि तू पोरीला त्यापासून दूर ठेवलंस! जाड, बोथट सुई दे, झेंडू ओवू दे. कणकेचा उंडा मळू दे. तुरीच्या शेंगा सोलू दे, ओला रुमाल पिळू दे. मग ताटात पीठ पसरून त्यात बोटाने रेघा ओढू दे. हात कोणता, ते तिचं तिला ठरवू दे.

आणि तिच्या हातातलं काम तू उचलू नकोस. तुला तेच सगळ्यात जड जाणार आहे.

माझ्या पिलाला जवळ घे. स्वतःवरही फार रागावू नकोस.

तुझी,
मंजू


भातकुली, २० मार्च २०२५

चि. सौ. मंजुषास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पहिले आठ दिवस ती टोपलीकडे फिरकली नाही. मग एका सकाळी सासूबाईंनी मुद्दाम सुई हातातून पाडली आणि कुरकुरल्या, की मले दिसून नाही राहिलं, कोणी देते का. आचलने पाठीमागचा हात पुढे काढला.

पहिला हार पाहून तू हसली असतीस. सात फुलं, त्यातली चार उलटी. ह्यांनी तो बाजारात नेला नाही, मोटारसायकलच्या हँडलला बांधून गावभर फिरले. आता ती बटणं स्वतः लावते. चार बटणांना पाव तास लागतो, व्हॅनवाले देवानंदभाऊ हॉर्न वाजवून दमतात आणि मी पदरात हात गुंडाळून उभी राहते. बोटं तिचीही आता आमच्यासारखीच हिरवी-काळी झाली आहेत. शाळा एप्रिलमध्ये ठरवणार आहे. ठेवली मागे, तर ठेवू दे.

गेल्या आठवड्यात तिने स्वतःच पेन्सिल मागितली. उजव्या हातात धरते. पण लिहायला बसली, की आधी माझा डावा हात ओढून घेते आणि त्यावर बसते. लिहून होईपर्यंत उठत नाही. हाताला मुंग्या येतात, मी काढून घेत नाही. आताही ती हातावर बसली आहे, म्हणून हे पत्र असं एका हाताने लिहिलंय, कागद सरकतो आहे.

उन्हाळ्यात ये. तुझ्या शिव्या अजून बाकी आहेत.

तुझी,
ताई

ता. क. खाली तिने मंजूमावशीचा ‘म’ काढला आहे. जोर दिल्याने कागद फाटलाय. मी हात लावलेला नाही.